धामापूरचे तळे आणि घरातील गाळणी

पाण्याचा इतिहास लिहू लागले की आपल्याकडील लेखकांची लेखणी धरणे, कालवे आणि तळी यांच्यापाशी रमते. ते योग्यच आहे. परंतु तळ्यातील पाणी झिरपून बावीत उतरते, बावीतून कळशीत येते आणि कळशीतून पेल्यात जाते. या शेवटच्या चार हातांच्या प्रवासालाही एक इतिहास आहे, आणि माणसांची आयुष्ये पुष्कळदा त्या चार हातांतच तरली किंवा बुडाली आहेत. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते घरातील पाण्याच्या गाळणीविषयी. व्याख्यानाला हा विषय फार घरगुती झाला, असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे इतकेच म्हणणे, की वैशाखात बावीचा तळ दिसू लागतो तेव्हाच पाण्याकडे माणसाचे खरे लक्ष जाते. आषाढात पहिला लोंढा बावीत शिरल्यावर हे बोलून फारसा उपयोग नाही.

आरंभ धामापूरच्या तळ्यापासून करू. कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणला जाताना हे तळे लागते. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साह्याने १५३० साली ते बांधले असे सांगतात. दोन टेकड्यांमधील खिंड मातीच्या बांधाने अडवावी, भोवतीच्या रानाचे पाणी त्यात साठवावे, काठी भगवतीचे देऊळ असावे आणि खाली भाताची व माडापोफळीची शेते भिजावीत, अशी ती साधी योजना. तिला पाचशे वर्षे होत आली तरी तळे नांदते आहे. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० साली जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत त्याचा समावेश केला. भगवतीच्या तळ्याची एक कथा सर्वश्रुत आहे. लग्नकार्यासाठी दागिने हवे असले म्हणजे फुलांची परडी पाण्यात सोडावी आणि देवीने ती दागिन्यांनी भरून द्यावी. कार्य उरकल्यावर दागिने परत करावयाचे. पुढे कोणी तरी ते परत केले नाहीत आणि देणे थांबले. कथा खरी की खोटी हा प्रश्न इतिहासाचा नव्हे. पण पाण्याकडून घेतलेले पाण्याला जसेच्या तसे परत करावे लागते, ही समजूत तिच्यामागे उभी आहे एवढे खरे.

तळे हीदेखील एक गाळणीच आहे. काठचे रान माती धरून ठेवते, आत आलेला गाळ संथ पाण्यात तळाशी बसतो, ऊन वरच्या थरावर आपले काम करते, आणि पाणी जमिनीतून झिरपत खालच्या बावींना जाते तेव्हा माती त्याला पुन्हा एकदा गाळते. असे पाणी ओंजळीत घेतले तर तळहातावरच्या रेषा दिसतात. आपल्या पूर्वजांनी पाण्याची परीक्षा केली ती याच कसोटीवर. पाणी नितळ असले, त्याला वास नसला, ते गोड लागले, की ते चांगले. सिंधुदुर्ग किल्ल्यात भोवती खारा समुद्र असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी नावे ज्यांनी ठेवली, त्यांनीही पाण्याची चवच वाखाणली. १६६४ साली किल्ल्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्या खडकावर गोडे पाणी लागले नसते तर एवढा किल्ला राखला कसा असता? चवीची कसोटी निरर्थक नव्हती. ती अपुरी होती. नितळ पाणी आणि निर्धोक पाणी यांत भेद आहे, आणि गाळणीचा सारा इतिहास म्हणजे हा भेद माणसाच्या ध्यानात कसकसा येत गेला त्याचा इतिहास होय.

नितळपणा आणण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याची सात साधने सांगितली आहेत: कतक म्हणजे निवळीची बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. मोती आणि गोमेद बाजूला ठेवू. ते राजवाड्यातले उपाय. निवळीची बी मात्र खेड्यापाड्यांतून वापरात होती. खरखरीत भांड्याच्या आतल्या अंगावर किंवा सहाणेवर ती उगाळावी आणि तो लेप पाण्यात ढवळावा. गाळाचे बारीक कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशी बसतात. तुरटी फिरवल्याने हेच होते, आणि मोठ्या शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही पहिली पायरी तुरटीचीच असते. मनुस्मृतीत या निवळीचा एक मार्मिक दृष्टान्त आला आहे. निवळीचे फळ पाणी स्वच्छ करते हे खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा भाव. संन्याशाच्या बाह्य चिन्हांना उद्देशून ते म्हटलेले आहे. ओट्यावर झळकणारे यंत्र घेऊन ठेवणाऱ्या आणि त्याची बत्ती वर्षानुवर्षे न धुणाऱ्या गृहस्थालाही ते लागू पडावे.

सुश्रुतसंहितेत आणखी एक गोष्ट आहे व ती अधिक महत्त्वाची. दूषित पाणी अग्नीवर उकळावे, उन्हात तापवावे, किंवा तापलेला लोखंडाचा गोळा, वाळू वा ढेकूळ त्यात विझवावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे गढूळ पाणी निराळे आणि बिघडलेले पाणी निराळे, एकाला निवळी व दुसऱ्याला अग्नी, हा विवेक त्या वैद्यांना होता. परंतु उकळण्याला सरपण लागते, आणि डोक्यावरून मोळी आणणाऱ्या बाईला रोजच्या दोन हंड्यांसाठी ते परवडणारे नव्हते. म्हणून घरोघर उरले ते फडके.

या फडक्याला आम्ही कमी लेखत नाही. नारूचा रोग आठवणारी माणसे आता थोडी राहिली. पायातून हातभर लांबीचा दोरा निघे आणि शेतकरी ऐन हंगामात अंथरुणाला खिळे. हा जंतू पाण्यातल्या अगदी सूक्ष्म पिसवेवजा जिवाच्या पोटात राहतो आणि पायऱ्यांच्या विहिरीत उतरणाऱ्या रोग्याच्या पायातून पुन्हा पाण्यात जातो. तो जीव दाट विणीच्या कापडातून पार होत नाही. या रोगावर लस नव्हती, औषध नव्हते. गाळण्याचे फडके, पायऱ्या बुजवलेल्या विहिरी, कूपनलिका आणि गावोगाव हिंडणारे आरोग्यसेवक एवढ्यावर काम भागवले गेले. भारतात नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर २००३ साली बांगलादेशातील मतलब भागात केलेले एक संशोधन प्रसिद्ध झाले. जुन्या साडीची घडी घालून पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकीचे रोगी सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचा जंतू फडक्यात अडकण्याइतका मोठा नाही; पण तो ज्या सूक्ष्म पाणजिवांना चिकटून राहतो, ते अडकतात. यात एक खुबी अशी की नव्या कापडापेक्षा जुने चांगले, कारण धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि छिद्रे बारीक होतात. आजीच्या मऊ लुगड्याच्या फडक्याला शास्त्राचा असा पाठिंबा मिळाला. तथापि ४८ टक्के म्हणजे निम्मेदेखील नव्हेत हे विसरता येत नाही. उरलेल्या ५२ जणांचे काय?

त्या ५२ जणांची कहाणी कोकणात जुनी आहे. धामापूरचे तळे बांधून पुरी पस्तीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा म्हणजे १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील संवादग्रंथ छापून निघाला. त्यात ओकारी-जुलाबाच्या एका भयंकर रोगाचे वर्णन असून इकडचे लोक त्याला कोणत्या नावाने ओळखतात तेही दिले आहे. ते नाव म्हणजे आपली मोडशी. युरोपात जाता जाता या शब्दाची अशी मोडतोड झाली की फ्रेंचांनी त्याचा अर्थ कुत्र्याचे मरण असा लावला! पुढे १८१७ साली बंगालमध्ये जेसोरला जी पटकी उठली ती वर्षभरात मुंबईपर्यंत पोहोचली. लोकांनी जरीमरीची पूजा बांधली, गावाच्या वेशीवर उतारे टाकले, कोणी गाव सोडून गेले. बाव तीच राहिली आणि पोहराही तोच. हसण्याचे कारण नाही. त्या काळी लंडन-पॅरिसचे डॉक्टरही दूषित हवेला दोष देत होते.

दोष हवेचा नसून पाण्याचा आहे असे १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाकडे बोट दाखवून जॉन स्नो या डॉक्टराने सांगितले. रॉबर्ट कॉख याने पटकीच्या जंतूचा छडा लावला तो १८८४ साली कलकत्त्यास, आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यात त्याला तो जंतू सापडला. त्या तळ्यातच लोक स्नान करीत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. परंतु गाळणीचा खरा निकाल लागला तो १८९२ साली हॅम्बुर्ग येथे. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही एल्ब नदीवरची दोन लागून असलेली शहरे. हॅम्बुर्ग नदीचे पाणी तसेच नळाने सोडी. आल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सारी घाण मिसळलेले पाणी घेई. पण ते वाळूच्या थरांतून संथपणे गाळून मग देई. त्या वर्षी पटकीने हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली आणि आल्टोना जवळजवळ वाचले. एकाच रस्त्याच्या दोन बाजू, हवा तीच, माती तीच. एका बाजूला मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला स्वास्थ्य. हवेचा पक्ष तेव्हापासून मागे पडला.

या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. त्याच हिवाळ्यात आल्टोनातही पटकी आली. कॉखने शोध घेतला तेव्हा आढळले की कडाक्याच्या थंडीत एक वाळूचा हौद साफ करताना गोठला होता, आणि त्यामुळे तो पाणी नीट न गाळताच पुढे सोडत होता. ज्या गाळणीने शहर वाचवले तिच्याकडे काही दिवस दुर्लक्ष झाले आणि तिनेच रोग घरात आणला. गाळणी निवडणे आणि गाळणी वापरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

शाळेच्या पुस्तकातील मडक्यांची उतरंड पुष्कळांना आठवत असेल: वरच्या मडक्यात पाणी, मग कोळसा, मग वाळू, आणि तळाच्या मडक्यात गाळलेले पाणी. ही युक्ती पाणी नितळ करते, वास घालवते. पण आल्टोनाची वाळू जे करीत होती ते ही उतरंड क्वचितच करते. संथ गाळणीत वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्म जीवांची बुळबुळीत साय धरते आणि रोगजंतूंना खरे अडवते ती ही साय. तिला जमायला दिवस लागतात, ती सतत ओली राहावी लागते. घरी आपण वाळू दर पंधरा दिवसांनी धुऊन वाळवतो; म्हणजे साय धरू लागली की तीच काढून टाकतो. कोळशाचे तर याहून वाईट. विलायतेत हाडांच्या कोळशाच्या गाळण्या दिवाणखान्यात मिरवल्या जात, आणि पुढे असे दिसले की जुन्या कोळशात जंतू मरण्याऐवजी वाढतात. १८९४ साली वुडहेड आणि वुड या दोघा डॉक्टरांनी तेथील बाजारातल्या घरगुती गाळण्यांची परीक्षा केली, तेव्हा त्यांतील बहुतेक रोगजंतू अडवण्यात नापास झाल्या. कसोटीला उतरली ती पॅरिसला पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने दहा वर्षांपूर्वी काढलेली चिनी मातीची बत्ती.

ही बत्तीच पुढे आपल्या स्वयंपाकघरात आली. स्टीलची दोन पिंपे एकावर एक, वरच्यात दोन किंवा तीन पांढऱ्या बत्त्या, खालच्याला तोटी. मराठी मध्यमवर्गाच्या घरात तिवईवर बसलेले हे दैवत ज्यांनी पाहिले नाही असे श्रोते थोडेच असतील. वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही आणि बत्ती उत्तम असेल तर बहुतेक जंतू तिच्या छिद्रांत अडकतात. अत्यंत सूक्ष्म विषाणू मात्र निसटतात, म्हणून काविळीची साथ असताना बत्तीवर विसंबू नये. पाणी खळखळ उकळावे. बत्ती घेताना ती वाजवून पाहावी, केसाएवढीही चीर असू नये. आठवड्यातून एकदा ती काढून वाहत्या पाण्याखाली मऊ कुंचल्याने घासावी. साबण लावू नये, राखही नको. छिद्रे बुजतात किंवा अंग झिजते. मग कंपनीने तशी मुभा दिली असेल तर ती पाण्यात उकळून घ्यावी. बत्ती बसवताना खालची रबरी चकती नीट घट्ट झाली नाही तर सगळे पाणी बत्तीला वळसा घालून चकतीशेजारून खाली उतरते, आणि आपण ते गाळलेले म्हणून पितो. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण दुकानदार ते सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर या विषयाचा शास्त्रीय पाया आपल्याच प्रांतात घातला गेला. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था १९५८ साली नागपुरास स्थापन झाली. आज ती नीरी या नावाने ओळखली जाते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९८२ साली एक फार उपयुक्त कुपी काढली. तिच्यात पाणी भरून उबदार जागी ठेवावे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर त्यात मैल्याचा अंश आहे असे समजावे. यंत्र विकत घेण्यापूर्वी आपल्या बावीचे पाणी तरी एकदा असे तपासावे. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतात. क्लोरीनचा अंश पाण्यात आहे की नाही हे ते थेंबांच्या चाचणीने दाखवू शकतात. गावाला मिळणारे हिरवे, पिवळे वा लाल कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात.

१९८४ च्या सुमारास विजेचे यंत्र आले. त्यात अतिनील किरणांच्या नळीपुढून पाणी वाहते आणि जंतू निष्प्रभ होतात. अट एवढीच की पाणी नितळ हवे; गढूळ पाण्यात किरण पोहोचत नाहीत, गाळाच्या कणामागे जंतू लपतो. म्हणजे निवळी-तुरटीचे काम अजून संपलेले नाही. श्रावणात वीज गेली की हे यंत्र निव्वळ शोभेचे, हेही लक्षात असू द्यावे.

मग आला आरओ. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन यांनी असा पातळ पडदा तयार केला की दाब दिल्यास त्यातून पाणी जाते आणि मीठ मागे राहते. समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी निघालेली ही विद्या. यवतमाळ-चंद्रपूरकडील ज्या गावांत पाण्यातील फ्लोराइडने मुलांचे दात पिवळे पडले आणि हाडे वाकली, तेथे ती वरदान आहे. आपल्या किनाऱ्यालगत खाडीच्या बावी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेथेही तिचा विचार करावा. परंतु जांभ्या दगडातून झिरपलेले सह्याद्रीच्या पायथ्याचे पाणी मुळातच मृदू असते. डाळ त्यात लवकर शिजते, साबणाला फेस येतो. त्यात क्षार फार थोडे. असल्या पाण्याला आरओ लावणे म्हणजे जे नाही ते काढण्यासाठी यंत्र घेणे होय. शिवाय घरगुती यंत्र एक भाग पाणी देताना सहज तीन भाग सांडते. चार माणसांच्या घरात रोज पंधरा लिटर पिण्यास लागत असेल, तर पंचेचाळीस लिटर मोरीत गेले. वैशाखात, बावीचा तळ दिसत असताना! विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील तेथे आरओला बंदी करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्र सरकारला दिला, तो याच विचाराने. विक्रेता पेल्यात दोन तारा बुडवून पाणी पिवळे-काळे करून दाखवतो, तो नुसता विजेचा खेळ आहे. त्या गाळाचा पुष्कळसा भाग तारांच्या धातूचा असतो. त्याला क्षार मोजण्याची काडी बुडवायला सांगावे, आकडा वहीत टिपावा, आणि मग निर्णय घ्यावा.

तेव्हा धामापुरासारख्या गावी काय घ्यावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे मत असे. पाणी नितळ आणि मृदू असेल तर चांगली बत्तीची गाळणी पुरते. पावसाळ्याचे चार महिने पाणी तुरटीने निवळून, फडक्याने गाळून, उकळून घ्यावे, आणि उकळणे शक्य नसेल तेथे आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण सांगितलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. ज्यांना परवडते व ज्यांच्याकडे वीज टिकते त्यांनी अतिनील किरणांचे यंत्र घ्यावे, पण दिवा बदलण्याची तारीख यंत्रावरच लिहून ठेवावी. तांब्याच्या कळशीविषयी नेहमी विचारले जाते. बंगळुरातील संशोधकांनी २०१२ साली दाखविले की सोळा तास तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू नाहीसे होतात. परंतु ते भांडे आतून घासलेले, स्वच्छ होते आणि वेळ पुरी सोळा तासांची होती. सकाळी भरून दुपारी प्यायलेल्या पाण्याला हा निष्कर्ष लागू नाही.

आणि एवढे सारे करून पाणी ठेवावयाचे कशात? रुंद तोंडाच्या हंड्यात पेला बुडवला की पेल्याबरोबर बोटेही बुडतात, आणि गाळणीचे सगळे श्रम त्या क्षणी फुकट जातात. आपल्या घरांत पूर्वी लांब दांड्याचे ओगराळे पाण्याच्या भांड्याशेजारी खुंटीला टांगलेले असे. त्याला तोंड लावावयाचे नाही, जमिनीवर ठेवावयाचे नाही, पोरांनी खेळायला घ्यायचे नाही, हा घरचा कायदा होता. सोवळ्याच्या नावाखाली या घरात पुष्कळ अन्याय झाला, कोणाला पाण्याला हात लावू दिला नाही. तो भाग टाकून ओगराळे तेवढे परत आणावे. ते अजून मालवणच्या बाजारात भांड्यांच्या दुकानी मागितले तर मिळेल, आणि नाहीच मिळाले तर तोटीचे झाकणबंद पिंप घ्यावे व तोटी आठवड्याला उकळत्या पाण्याने धुवावी.